जुन्या प्रोसेसरला बोर्ड घेताना



या सदरात आपण बियाणे, खते, मुरघास, फवारणी यांविषयी बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. एका दूध संस्थेच्या सचिवांचे पत्र आले आहे. संस्थेचा कॉम्प्युटर बंद पडला, दुकानदाराच्या मते मदरबोर्ड गेला पण प्रोसेसर धड आहे. तेव्हा जुन्या प्रोसेसरला दुसरा बोर्ड टाकावा की सगळाच संच नवा घ्यावा, आणि टाकायचा तर कोणता, असे त्यांनी विचारले आहे. शेवटी लिहिले आहे, "तुम्ही शेतीचे साहेब, पण दुसरे कोणाला विचारणार?"

सचिवसाहेब, या विषयातल्या जाणकाराला तुम्ही विचारलेत असे मी म्हणणार नाही. पण या विषयात एकदा सपशेल चुकलेल्या माणसाला विचारलेत, हे खरे. म्हणून आधी ती चूक सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या फिरतीच्या गावात एक दूध संकलन केंद्र आहे. सव्वाशे घरांचे दूध सकाळ-संध्याकाळ तिथे येते. सचिवांना सगळे गाव नाना म्हणते, मीही नानाच म्हणतो. कॉम्प्युटरवर त्यांची सून बसते. वजनकाटा आणि फॅट-एसएनएफ काढणारे मशीन, दोन्ही तारेने कॉम्प्युटरला जोडलेले. कॅन काट्यावर ठेवला की वजन, फॅट, भाव आपोआप नोंदले जातात आणि दर दहा दिवसांनी बिल निघते. संच जुनाच, एका कचेरीतून उतरलेला. आत कोअर आय५-२४०० हा २०११ सालचा प्रोसेसर. कामाला वाघ.

ऐन पावसाळ्यात, वीस तारखेच्या रात्री तो बंद पडला. एकवीस तारखेला बिल वाटायचे. मी सकाळी मुरघासाच्या प्रात्यक्षिकासाठी गेलो, तर केंद्रावर गर्दी आणि नाना डोक्याला हात लावून बसलेले. "साहेब, तुमच्या ऑफिसचा कॉम्प्युटर तुम्हीच दुरुस्त केला म्हणे. जरा बघा ना." मी बघितले. बटण दाबले की पंखा दोन फेरे फिरायचा आणि थांबायचा. मी ऐटीत सांगून टाकले, बोर्ड गेला. त्याच दिवशी तालुक्याच्या गावाहून करकरीत नवा बोर्ड आणला. झगमगीत खोके, एक वर्षाची गॅरंटी, दोन हजारांच्या आतबाहेर किंमत. संच चालू झाला, बिल दोन दिवस उशिरा का होईना निघाले, नानांच्या घरी मला पिठले-भाकरीचे जेवण मिळाले.

पाच आठवड्यांनी तो बोर्ड मेला. दुकानदाराने बदलून दिला. तो आठव्या दिवशी मेला. या खेपेला बिल सहा दिवस अडले. सूनबाईंनी मशीनवरचे आकडे वहीत लिहून ठेवले होते म्हणून हिशेब तरी वाचला, पण सव्वाशे खाती हाताने करायला वेळ लागतोच. एक आजी रोज येऊन पायरीवर बसायच्या. त्यांना नातीच्या वसतिगृहाची फी भरायची होती. मला पाहिले की म्हणायच्या, "साहेब, झालं का तुमचं मशीन?" तुमचं मशीन, हे शब्द मला लागले.

शेवटी गावातल्या पंपाच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या वायरमनने मीटर लावले. कॉम्प्युटरच्या वीजपुरवठ्याच्या पेटीतून, म्हणजे एसएमपीएसमधून, बारा व्होल्टच्या तारेवर साडेतेरा व्होल्ट येत होते. शिवाय भिंतीतल्या प्लगची तिसरी पिन कुठेच जोडलेली नव्हती. अर्थिंगची तार मागच्या भिंतीशी तुटून लोंबत होती. पहिला बोर्ड कशाने गेला हे देव जाणे, पण पुढचे दोन आम्हीच घालवले. रोगट रोप उपटून त्याच मातीत लगेच दुसरे लावावे, तसा प्रकार झाला. अशी चूक कोणा शेतकऱ्याने केली असती तर मी त्याला चार शब्द सुनावले असते.

म्हणून सचिवसाहेब, दुकानात जायच्या आधी घरची पाहणी करा. एसएमपीएसच्या पिवळ्या तारेवर १२ आणि लाल तारेवर ५ व्होल्ट हवेत. पाच टक्के इकडेतिकडे चालते. म्हणजे पिवळीवर ११.४ ते १२.६ आणि लालवर ४.७५ ते ५.२५. याबाहेर असेल तर एसएमपीएस बदला, आणि तो बदलताना कंजुषी करू नका. कुठलाही मीटरवाला वायरमन हे दहा मिनिटांत पाहून देतो. मात्र एसएमपीएसची पेटी उघडू देऊ नका. आतल्या कपॅसिटरमध्ये बटण बंद केल्यावरही तीनशे व्होल्टच्या आसपास वीज साठून राहू शकते.

अर्थिंगचे जरा सविस्तर सांगतो, कारण दूध संस्थांमध्ये बोर्ड मरण्याचे हे एक मोठे पण कोणाच्या लक्षात न येणारे कारण आहे. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात का? येत असतील तर अर्थिंग नाही असे समजा. एसएमपीएसच्या तोंडाशी बारीक कपॅसिटर असतात. अर्थिंग नसले की त्यांच्यामुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर २३० च्या निम्मा, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्टचा दाब येतो. प्रवाह अगदी कमी असतो, म्हणून माणसाला नुसत्या मुंग्या येतात. पण तुम्ही वजनकाट्याची किंवा दुधाच्या मशीनची तार चालू संचाला जोडता तेव्हा तो दाब बोर्डाच्या नाजूक पोर्टातून वाट काढतो. पोर्ट जळते, कधी बोर्डही जातो. कोळसा-मीठ घालून नीट खड्डा करून घ्या, काटा, मशीन आणि कॉम्प्युटर एकाच अर्थिंगवर ठेवा, आणि तारा जोडताना-काढताना सगळे बंद करा. विजा चमकू लागल्या की प्लगच काढून ठेवावा.

एवढे पाहूनही संच उठत नसेल, तर रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी कड खोडरबराने पुसून परत बसवा. बोर्डावरचा रुपयाएवढा सीआर२०३२ सेल बदलून पाहा. निम्मे "मेलेले" बोर्ड यात उठून बसतात. उठला नाही तर मग बोर्ड गेला म्हणायचे.

आता प्रोसेसर ठेवावा का? माझा अनुभव असा की प्रोसेसर सहसा मरत नाही, बोर्ड मरतो. प्रोसेसर म्हणजे एक बंद चिप. बोर्डावर मात्र शेकडो सुटे भाग, डाक, पोर्टे आणि खाचा असतात. धूळ, ओल, मुंग्या, पालीची घाण हे सगळे त्याच्याच वाट्याला येते. म्हणून तुमचा प्रोसेसर शाबूत असेल हे दुकानदाराचे म्हणणे मला पटते.

पण कोणताही बोर्ड कोणत्याही प्रोसेसरला चालत नाही. ट्रॅक्टरच्या थ्री पॉइंट लिंकेजच्या पिना औजाराच्या भोकांशी जुळाव्या लागतात, तसेच इथे आहे. आधी प्रोसेसरचा नंबर पाहा. तो जुन्या बिलावर असेल, नाहीतर वरचा पंखा उतरवून पांढरी पेस्ट पुसली की पत्र्यावर कोरलेला दिसतो. इंटेलच्या या जुन्या आय३, आय५, आय७ प्रोसेसरांच्या चार आकडी नंबरातला पहिला आकडा म्हणजे पिढी. २४०० म्हणजे दुसरी पिढी, ३४७० म्हणजे तिसरी, ४५७० म्हणजे चौथी. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीला सॉकेट लागते ११५५. चौथीला ११५०. सहावी-सातवीला ११५१. नुसते तीन आकडे असतील, उदाहरणार्थ आय३-५४०, तर ती पहिली पिढी आणि तिचे घरगुती सॉकेट ११५६. आकड्यांत फरक एकाचाच दिसतो, पण ११५६ चा प्रोसेसर ११५५ मध्ये बसत नाही. खाचाच वेगळ्या असतात. जोर लावाल तर पिना वाकतील, आणि या पिना प्रोसेसरला नसून बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात. केसाएवढ्या बारीक. एएमडीच्या जुन्या प्रोसेसरांत उलटे असते, पिना प्रोसेसरलाच असतात. त्यांना वेगळे बोर्ड लागतात.

सॉकेट जुळले तरी काम संपले नाही. बोर्डावरच्या मुख्य चिपचे, चिपसेटचे, नाव विचारा. ११५५ मध्ये दोन गट आहेत. एच६१, एच६७ हे २०११ चे. बी७५, एच७७, झेड७७ हे २०१२ चे. दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर दोन्हींवर चालतो. तिसऱ्या पिढीचा मात्र एच६१ वर बायॉस नवीन असेल तरच उठतो, आणि बायॉस नवीन करायला बहुधा आधी दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर लावून बोर्ड चालू करावा लागतो. दुकानदाराकडे तो नसेल तर तुम्ही आणि तो, दोघेही काळ्या पडद्याकडे पाहत बसाल. तुमच्याकडे तिसरी पिढी असेल तर सरळ बी७५ मागा.

दुसरी पिढी असली तरी मी बी७५ च मागेन. त्यात यूएसबी ३ चिपसेटमधूनच येते, आणि डिस्कसाठी एक जलद, सहा गिगाबिटचे पोर्ट मिळते. एच६१ ची पोर्टे तीन गिगाबिटची. अर्थात एच६१ वरही जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी लावली तर संच पूर्वीपेक्षा पुष्कळ चपळ होतो, त्यामुळे एवढ्यासाठी कोणी हळहळू नये.

आता वादाचा मुद्दा. नवा बोर्ड की वापरलेला? दुकानात "नवे" म्हणून जे एच६१ बोर्ड मिळतात त्यांवरची चिप नवी नसते. इंटेलने हा चिपसेट कधीच बंद केला. तेव्हा ती चिप एकतर जुन्या साठ्यातली, नाहीतर भंगारातल्या बोर्डावरून उतरवून पुन्हा डाकलेली. सगळे असे बोर्ड वाईट असे मी म्हणत नाही. माझे दोन मेले त्यात दोष आमच्या विजेचाही होता, त्यांच्यावर सगळे खापर फोडणे अन्यायाचे होईल. पण मेलेला बोर्ड हातात घेऊन पाहिला तेव्हा एक गोष्ट दिसली. सॉकेटशेजारी प्रोसेसरला वीज पुरवणारा जो भाग असतो तो अगदीच तुटपुंजा होता, आणि त्यावर उष्णता काढणारा ॲल्युमिनियमचा तुकडाही नव्हता. आय५-२४०० हा ९५ वॅटचा प्रोसेसर. तीन हॉर्सपॉवरच्या केबलवर पाच हॉर्सपॉवरची मोटर चालवली की केबल ऊन होते, तसे हे. आय३-३२२० सारखा ५५ वॅटचा प्रोसेसर असता तर तोच बोर्ड कदाचित निभावला असता. म्हणून प्रोसेसर किती वॅटचा आहे ते आधी विचारून घ्या.

माझे मत वापरलेल्या बोर्डाकडे झुकते: त्या काळात गिगाबाइट, असुस, एमएसआय किंवा खुद्द इंटेलने केलेला, आणि आपल्या डोळ्यांसमोर तपासलेला. (डेस्कटॉपचे बोर्ड करणे थांबवत असल्याचे इंटेलने २०१३ मध्ये जाहीर केले, तरी त्यांचे बोर्ड अजून फिरतात.) अशा बोर्डावर मॉडेल नंबर छापलेला असतो. तो मोबाइलवर शोधला की कोणते प्रोसेसर चालतात याची कंपनीची यादी आणि बायॉस मिळते. खोक्यावर नुसते "एच६१" लिहिलेल्या बोर्डाची यादी शोधायची कुठे? मॉडेलशेजारी "रेव्ह" म्हणून बारीक आकडा असतो, तोही टिपून घ्या. एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांचे बायॉस वेगळे असू शकते.

वापरलेल्यातही एक खड्डा आहे. कचेऱ्यांतून उतरलेल्या तयार संचांचे बोर्ड स्वस्त मिळतात, पण त्यांतल्या काहींना नेहमीचा २४ पिनांचा वीजजोड चालत नाही. उदाहरणार्थ डेलच्या ऑप्टिप्लेक्स ९०२० ला मुख्य जोड आठ पिनांचा आहे. असा बोर्ड घेतला की त्याचाच एसएमपीएस शोधावा लागतो. तेव्हा २४ पिना मोजूनच घ्या.

दूध संस्थेसाठी आणखी एक अट, आणि ती माझ्या मते सर्वांत महत्त्वाची: कॉम पोर्ट. नऊ पिनांचे ते जुने पोर्ट, ज्यात काट्याची आणि मशीनची तार जाते. काही बोर्डांना ते मागे असते, काहींना आत फक्त दहा पिनांची जागा असते आणि त्यावर पट्टी लावावी लागते; काहींना काहीच नसते. दुकानदार म्हणेल, यूएसबीचा कन्व्हर्टर लावा. लावता येतो, पण तो दुसऱ्या भोकात घातला की पोर्टाचा क्रमांक बदलू शकतो आणि पहाटे साडेपाचला रांग लागलेली असताना काटा बोलेनासा होतो. नकली चिपच्या कन्व्हर्टरला तर विंडोजचा नवा ड्रायव्हर ओळखही देत नाही. सूनबाईंनी हे मला पहिल्या बोर्डाच्या वेळीच सांगितले होते. "काका, त्याला काट्याची पिन आहे ना, तेवढं बघून आणा." मी बघितले नव्हते.

आता दुकानातली तपासणी. तुमचा प्रोसेसर, रॅम आणि नवी पेस्ट सोबत न्या. मोबाइलची बॅटरी सॉकेटवर तिरपी धरा. सगळ्या पिना शेतातल्या सरळ तासांसारख्या एका रेषेत चमकल्या पाहिजेत. एक जरी वाकडी चमकली तर बोर्ड परत. मग कपॅसिटर पाहा. पंपाच्या पेटीतला फुगलेला कपॅसिटर तुम्ही ओळखता, इथेही तेच लहान रूपात. डोके सपाट हवे, खालून तपकिरी डाग नको. २००० नंतरच्या काही वर्षांतल्या बोर्डांत निकृष्ट द्रवामुळे असे कपॅसिटर जगभर फुगले. पुढच्या चांगल्या बोर्डांत घट्ट, पॉलिमरचे कपॅसिटर आले. त्यांचे डोके ॲल्युमिनियमचे, उघडे असते आणि वर फुलीची चीर नसते. शक्यतो तेच पाहून घ्या. साध्या कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंश उष्णतेला निम्मे होते असा ढोबळ नियम आहे, आणि आपल्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात काय होते ते मी सांगायला नको. बोर्ड उलटा करून पाठही पाहा. जळकट डाग, गंज, मुंग्यांची माती दिसली की पुढे बोलू नका.

मग चालू करून निदान अर्धा तास चालू द्या. रॅमची पट्टी दोन्ही खाचांत आळीपाळीने लावा. रॅम डीडीआर३ च लागते. स्वस्तातल्या काही पट्ट्या फक्त एएमडीच्या बोर्डावर चालतात, तेही विचारा. प्रत्येक यूएसबी, नेटची तार आणि प्रिंटर जोडून पाहा. घड्याळ लावा, संच पूर्ण बंद करून चहा पिऊन या, परत लावल्यावर वेळ बरोबर हवी. मागची पत्र्याची पट्टी मागून घ्या, नाहीतर त्या चौकोनातून उंदीर आत जातो. आणि "चेकिंग वॉरंटी" किती दिवसांची, ते बिलावर लिहून घ्या. तोंडी नको. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये असा माल पुष्कळ आहे, पण खराब निघाला तर परत न्यायला तालुक्याचे दुकान बरे.

खर्च कुठे थांबवायचा? बोर्ड, एसएमपीएस आणि रॅम मिळून रक्कम वापरलेल्या अख्ख्या चांगल्या संचाच्या निम्म्यावर गेली, तर बोर्डाचा नाद सोडा आणि कॉम पोर्ट असलेला संचच घ्या. दुसरे असे, की विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. म्हणजे तुमचा जुना संच काटा, मशीन, बिल एवढ्या कामाला ठीक. संस्थेचे बँकेचे व्यवहार त्यावर करू नका. आणि दर बिलानंतर नोंदींची प्रत पेनड्राइव्हवर काढून घरी न्या.

नानांच्या केंद्रात शेवटी बी७५ चा वापरलेला बोर्ड बसवला. त्याआधी अर्थिंगचा खड्डा झाला आणि नवा एसएमपीएस आला. तो पावसाळा आणि त्यानंतरचाही निभला. सूनबाईंची वही मात्र अजून काट्याशेजारी असते, आणि रोजची नोंद त्या तीतही करतात. मी गेलो की नाना बोर्डाचा विषय काढत नाहीत. आजी काढतात.

तर सचिवसाहेब, मीटर लावून झाले की प्रोसेसरवरचा पूर्ण नंबर, काटा आणि मशीन मिळून किती कॉम पोर्ट लागतात ते, आणि तिसरी पिन जोडलेली आहे की नाही, हे तिन्ही लिहून पाठवा. दुकानदाराने बोर्डाचे मॉडेल सांगितले असेल तर तेही. पैसे त्यानंतर द्या.